दीड वीत बर्फ

८ नोव्हेंबर १९७३

आज पुन्हा जो भेटला त्याने विचारलं, "बर्फ कधी होणार?" जसं काही मीच तो चुलीवर चढवलाय आणि उकळी यायची वाट बघतेय. गावाला रस्ता नाही, जे येतं ते विमानाने. दुकानात पीठ तळाला गेलंय, चहा संपलाय, टपाल नाही, आणि या सगळ्याला जबाबदार मी. पाण्यावर उतरणारं शेवटचं विमान गेलं तेव्हापासून ओगा तळं ना धड पाणी आहे ना धड बर्फ. दरवर्षी असंच होतं, पण लोकांना दरवर्षी ते नव्याने आठवतं.

सकाळी पहार घेऊन गेले. काठाजवळ चार बोटं बर्फ. त्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही. माणसाला तेवढा पुरतो. विमानाला दीड वीत लागतो, तोही निळा, आरपार दिसणारा. वर हिम भिजून पांढरा गोठलेला असेल तर त्याची निम्मीच जाडी धरायची. हे मला सायलसने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं. तो गेल्यावर पंच घरी आले आणि म्हणाले, "डॉर्कस, बर्फावरच्या विमानपट्टीचं तुझ्याइतकं कुणाला कळतंय?" स्तुती करून काम गळ्यात मारायची पंचांची जुनी रीत आहे. मीही भुलले.

या वर्षी मात्र घाई मलाच आहे. आई दक्षिणेला इस्पितळात आहे. शेवटच्या विमानाने नेली. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा. घेऊन जा म्हणे! खांद्यावर बसवून आणू की काय?

संध्याकाळी जोसाया लाकडं मागायला आला. सायलसचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, आणि दिराला वहिनीची थट्टा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. म्हणाला, "वहिनी, या वर्षी जेवण जरा कमी कर. पहिल्या विमानाला टोकाशी उभी राहशील आणि विमानाआधी तूच बर्फ फोडशील."

"मी बुडाले तर तुलाच खाली शोधायला पाठवतील," मी म्हटलं. "तेव्हा तू प्रार्थना कर."

आमच्याकडे जो बर्फाला 'हो' म्हणतो, त्याने पहिलं विमान उतरताना पट्टीच्या टोकाला बर्फावर उभं राहायचं असतं. सायलस उभा राहायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. नुसतं तोंडाने 'हो' म्हणणं सोपं असतं, म्हणून.

१२ नोव्हेंबर

आज दवाखान्यात रेडिओवर आई भेटली. आठवड्यातून एकदा दुपारी इस्पितळातल्या माणसांना घरच्यांशी बोलू देतात. सगळ्या तळ्यांवरची गावं एकाच वेळी कान लावून बसलेली, त्यामुळे खासगी काही नसतं. आमच्या आधी उत्तरेकडच्या एका बाईचा नंबर होता. तिने नवऱ्याबद्दल विचारलं, तर पलीकडचा दुभाषा वाऱ्यावर बोलायला लागला. वारा कसा आहे, हिम किती पडलं. इथं आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मरणाची बातमी रेडिओवर देत नाहीत. आमच्या गावातल्या कुणाचं माणूस गेलं की इथल्या दवाखान्यातली नर्सबाई आमोसला बोलावते, आमोस त्या घरी जातो, आधी माणसाला काहीतरी खायला लावतो, मग शेजारी बसून हात हातात घेऊन सांगतो. त्याच्या आधी दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, सगळ्या गावाला ठाऊक असलं तरीही. बिचारी ती बाई. वाऱ्याचं ऐकून 'बरं' म्हणाली.

आमोस माझा धाकटा भाऊ. पाळकसाहेब वर्षातून दोनदा येतात, बाकी रविवार, बाप्तिस्मे आणि मरणं आमोसच्या अंगावर. त्या कामात तो चांगला आहे. बाकी कुठल्याही कामात गुडघे दुखतात.

मग आई आली.

"कोण, डॉर्कस? बर्फ कसाय?"

"आई, तू कशी आहेस ते सांग आधी."

"मी कुठं पळून जातेय? इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. बर्फ कसाय?"

"बोटभर वाढला. अजून पुष्कळ बाकी आहे."

"असू दे बाकी. नीट बघ. माझ्यापायी घाई करू नकोस. विमान आणणाऱ्या त्या बगळ्याला लेकरं आहेत."

"तुला घरी यायचंय ना?"

नुसती खरखर ऐकू आली, बराच वेळ. मग म्हणाली, "आमोसला म्हणावं कुत्र्यांना उपाशी ठेवू नकोस." आणि रेडिओ तिथल्या नर्सच्या हातात देऊन टाकला.

बर्फ विचारला, कुत्री विचारली, बगळ्याची लेकरं विचारली. डॉर्कस, तू कशी आहेस, हे काही विचारलं नाही. दोन वाक्यांत तिला बोलायचा कंटाळा येतो हल्ली. तिथं बरं वाटत असेल, ऊब आहे, खाट आहे. मी मात्र इथं हाडं गोठवून घेतेय.

१६ नोव्हेंबर

रात्रभर हिम पडलं, गुडघ्याएवढं. म्हणजे तळ्यावर पांघरूण पडलं आणि खालचा बर्फ वाढायचा थांबला. त्यातून वजनाने बर्फ वाकला, भेगांतून पाणी वर आलं आणि हिम भिजून चिखल झाला. आज तो गोठेल, पण पांढरा गोठेल.

जाळीची पायताणं बांधून बायकांना घेऊन पट्टी तुडवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत, मग परत. तुडवलेल्या हिमातून थंडी खाली उतरते. आमोसला बोलावणं धाडलं तर गुडघ्यांचं उत्तर आलं. घरी आल्यावर चुलीपुढे बसले ती उठवेना. हातांना फोड आलेत. मी पंचावन्नची झाले, कुणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी.

१९ नोव्हेंबर

रेडिओवर आई आली नाही. नर्स म्हणाली, झोपली आहे. दिवसाउजेडी! आम्ही लहानपणी सूर्य वर आल्यावर अंथरुणात दिसलो तर पाण्याचा तांब्या अंगावर ओतणारी बाई. मी म्हटलं, उठवा तिला, मुलगी बोलतेय म्हणावं. दुभाषा म्हणाला, "तिला झोपू दे." मग विचारलं, "बर्फ किती झाला?"

सगळ्यांचं बोलणं बर्फावर येऊन थांबतं. निळा एक वीतही नाही अजून.

२३ नोव्हेंबर

सकाळी नर्सबाईने आमोसला दवाखान्यात बोलावलं. पट्टीवरून येताना मी त्याला बाहेर पडताना पाहिलं. पायरीवर उभा होता, टोपी हातात, एवढ्या थंडीत.

दुपारी तो माझ्याकडे आला. आला तो म्हणाला, "ताई, जेवलीस?"

"कधीच."

"थोडं आणखी खा."

बॅनॉकचा, आमच्या जाड भाकरीचा, तुकडा त्याने स्वतःच मोडला आणि माझ्या पुढे सरकवला. मला भूक नव्हती, पण तो बघत बसला म्हणून खाल्ला. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसला. माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, काय रे? त्याने तळवा उलटा करून बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, "पहारीने फोड आलेत. अस्वलाची चरबी लाव."

मग गाडीच्या पुढच्या कुत्र्याचा पंजा बर्फाने कापला त्याची लांबलचक गोष्ट सांगितली, चहा प्याला आणि गेला. नर्सबाईने कशाला बोलावलं होतं विचारलं तर म्हणाला, "गुडघ्यांसाठी." पन्नाशीला आलेला माणूस भरदुपारी बहिणीच्या हाताचे फोड बघत बसतो. पट्टी तुडवायला आला असतास तर फोड आलेच नसते, हे बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण एरवी तो इतकंही विचारत नाही, म्हणून गिळलं.

२५ नोव्हेंबर

माणसं लबाड असतात. काल जोसायाने न सांगता दारात लाकडं रचून ठेवली, फोडून, बारीक. थट्टेचा एक शब्द नाही. मी म्हटलं, "भाऊजी, ताप आलाय का?" तर नुसती मान हलवून निघून गेला. आज बायका आल्या, एकेक करून. कुणी सशाचा रस्सा आणला, कुणी वाळवलेलं मूस हरणाचं मांस. बसल्या. काही बोलेनात. मीच बोलत होते, पट्टीचं, थंडीचं, आई आल्यावर तिला खिडकीजवळ ठेवायचं की चुलीजवळ ते. त्या एकमेकींकडे बघत होत्या. एक तर निघताना माझे केस नीट करून गेली, मी काय लहान आहे?

मला कळत नाही असं वाटतं त्यांना. दुकानातलं पीठ संपलं आहे, आणि विमान आणायचं तर डॉर्कसला खूश ठेवायला हवं. रश्शाने बर्फ जाड होत नाही, असं तोंडावर म्हणणार होते. पण रस्सा चांगला होता.

२७ नोव्हेंबर

काल रेडिओवर नुसती खरखर, या आठवड्यात कुणाचंच बोलणं झालं नाही. आमोस रोज येतो. रोज विचारतो, जेवलीस का. रोज शेजारी बसतो. काल फाशात सापडलेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगितली, ती मीच त्याला सांगितलेली होती. आज त्याने नवीनच काढलं.

"ताई, मी म्हणतो घाई काय आहे? विमान पुढच्या महिन्यात येऊ दे. बर्फ चांगला होऊ दे."

मी भाकरी उलटत होते, ती तशीच तव्यात राहिली. "घाई काय? आई तिथं परक्या खाटेवर पडलीय, एका दुभाष्याशिवाय तिला आपली भाषा बोलणारं माणूस नाही, आणि तू म्हणतोस घाई काय?"

"तिला... आता तिला काही त्रास नाही, ताई."

"तुला कसं माहीत? तू बघून आलास?" मग माझं तोंड सुटलं. तुला ती नकोच आहे घरी, म्हटलं. सेवा करावी लागेल, रात्री उठावं लागेल, गुडघे दुखतील. परक्यांच्या घरी हात धरून बसायला बरा जातोस, तिथं लोक वाहवा करतात. स्वतःच्या आईच्या वेळी कुठं जातं ते सगळं?

तो उठला. चेहरा चुनखडीसारखा झाला होता. हातमोजे इथंच विसरून गेला. मी हाक मारली नाही. जाऊ दे उघड्या हातांनी, कळू दे जरा.

करपलेली भाकरी मीच खाल्ली. एकटीच्या घरात वाया घालवून कसं चालेल?

२९ नोव्हेंबर

मोजलं. पट्टीच्या मध्यावर, दोन्ही टोकांना, भुशिराजवळ. निळा एक वीत भरतो. वर पांढरा अर्धी वीत. या वर्षीचा पांढरा घट्ट आहे, पहार मारली तर ठणकन वाजते, बुडबुडे कमी. असला पांढरा निळ्यासारखाच. एक आणि अर्धी, दीड.

सायलस काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. पण सायलसची आई घरातच मेली, त्याच्या मांडीवर.

संध्याकाळी रेडिओवर बगळा होता. बगळा म्हणजे आइनो, विमान चालवतो. पाय लांब म्हणून त्याला गावाने बगळा केलं. एवढी वर्षं इथं उतरतोय, आमची भाषा बोलतो, पण शेपूट आधी आणि डोकं मागून.

"डॉर्कस, बर्फ किती?"

"दीड वीत."

"निळा?"

मी बटण दाबलं. म्हटलं, "दीड वीत. मी टोकाला उभी राहीन."

"तू म्हणते तर मी येते. उजेड बरा असला तर परवा. आणि डॉर्कस, मी तिला जपून आणेल. धक्का अजिबात नाही लागेल."

एरवी पोस्टाची पोती लाथेने ढकलणारा माणूस. म्हाताऱ्या माणसाला कसं आणायचं ते कळतं म्हणायचं त्याला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागे दवाखान्यात माणसं उभी होती. नर्सबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, आनंदाचं आहे हो.

आईची खाट खिडकीजवळच टाकली. तिथून तिला तळं दिसेल आणि सगळ्यांवर हुकूम सोडता येतील. खाली स्प्रूसच्या कोवळ्या फांद्या अंथरल्या, ताज्या, वास घरभर पसरलाय. पांढरा मासा पाण्यात ठेवलाय, आली की लगेच रस्सा. दात नाहीत तिला, काटे काढून द्यावे लागतील.

३ डिसेंबर

परवा लिहिलं नाही. काल लिहिलं नाही. आज लिहायचं तर सगळं लिहायला हवं.

परवा उजेड वाईटच होता, तरी बगळा निघाला होता. आभाळ आणि तळं एका रंगाचं झालेलं, अशा वेळी वरून उतरणाऱ्याला खाली किती अंतर राहिलं ते कळत नाही. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी फांद्या रोवल्या होत्या, नेहमीपेक्षा जवळ जवळ. सगळा गाव काठावर जमला होता. मला वाटलं, पिठासाठी.

मी टोकाला जाऊन उभी राहिले. विमानाचा आवाज आला, मग ते बेटाच्या मागून खाली आलं. बगळ्याने विमानाखालच्या स्की बर्फाला नुसत्या टेकवल्या, थोडं अंतर फरफटत नेल्या आणि पुन्हा वर उचललं. मग वळून आपल्याच रेघा बघत वरून गेला. रेघा काळ्या पडल्या असत्या तर खाली पाणी आहे असं समजायचं. पांढऱ्याच राहिल्या. मी मनात म्हटलं, बघ, सायलस.

दुसऱ्या खेपेला तो खरोखर उतरला. सगळं वजन बर्फावर आलं आणि तळ्याने पोटातून आवाज काढला. तो आवाज मला ओळखीचा आहे, थंडीत बर्फ वाढताना येतो तो वेगळा आणि हा वेगळा. माझ्या आणि विमानाच्या मध्ये एक भेग धावत आली, माझ्या पायाच्या बाजूने गेली, आणि तिच्यातून पाणी पसरायला लागलं. पट्टी विमानाखाली वाकलेली मी डोळ्यांनी पाहिली. जोसाया काठावरून ओरडला, "वहिनी, पळ!" मी पळाले नाही. धैर्य वगैरे नव्हतं. आई त्यात आहे आणि मी काठावर, हे मला जमलंच नसतं.

बगळा थांबला नाही. थांबला असता तर गेलाच असता. त्याने इंजिनाला पूर्ण जोर दिला, हिमाचा लोट माझ्या अंगावर उडवत माझ्या बाजूने निघून गेला आणि भुशिराच्या उथळ पाण्यावर, जिथं बर्फ तळालाच टेकलेला असतो, तिथं जाऊन थांबला. मागे त्याच्या रेघा बघता बघता काळ्या झाल्या.

मी धावले. भिजलेले पाय मला नंतर कळले. बगळा खाली उतरला. "डॉर्कस, दीड वीत?" तो ओरडला. "हा दीड वीत?"

"आई कुठंय?" मी म्हटलं. "खिडकीत दिसली नाही. मागे झोपवलीस का?"

मग त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मीही बघितलं. पुरुष येत होते, आणि सगळ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. एवढ्या थंडीत टोपी कशासाठी काढतात ते मला माहीत आहे. तरी मी विचारलं, "हे काय करताय? कान गळून पडतील."

आमोस सगळ्यांच्या मागे होता, खाली बघत.

बगळ्याने दार उघडलं. आत लांब पेटी होती, नवीन लाकडाची, दोऱ्यांनी घट्ट बांधलेली. खरंच धक्का लागू दिला नव्हता त्याने.

मला वाटतं मी बर्फावर खाली बसले. बायकांनी उचललं. त्या सगळ्यांना वाटत होतं की मला सांगून झालंय. आमोसला बोलावलं त्याच दिवशी गावाला कळलं होतं. म्हणून लाकडं, म्हणून रस्सा, म्हणून गप्प बसणं. मी आईच्या खाटेचं बोलत होते तेव्हा त्यांना वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. जोसाया म्हणाला, मी ताप आलाय का विचारलं तेव्हा तो घरी जाऊन रडला.

बगळा जायच्या आधी माझ्याजवळ आला. राग उतरला होता. म्हणाला, "मेलेल्या माणसाला घाई नसते, डॉर्कस. मी एक महिना थांबला असता. तू 'हो' म्हटलं, मला वाटलं तुला ती हवीच आहे, तर मी निघाला. तुला माहीत नव्हतं हे मला माहीत नव्हतं."

"पांढरा बर्फ मी पूर्ण धरला," मी म्हटलं. "मध्यावर सव्वाच वीत होता."

"होय," तो म्हणाला. "मला आता ते माहीत आहे." तो काठाकाठाने, उथळ जागेच्या बर्फावरून विमान पळवत उडाला. पीठ तेवढं उतरवून गेला.

त्याच्या लेकरांची नावं मला माहीत नाहीत. कधी विचारली नाहीत. परवापासून सारखं वाटतंय, विचारायला हवी होती.

५ डिसेंबर

जमीन मऊ व्हायला दोन दिवस वर आग पेटवून ठेवावी लागली. आज आईला मातीत ठेवलं. आमोसने प्रार्थना म्हटली. आवाज एकदाही अडकला नाही. कुणाच्याही आईला म्हणावी तशी म्हटली, स्पष्ट, शेवटपर्यंत. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी ठरवलं होतं, मरेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही.

सगळे गेल्यावर दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं नाही तरी आत आला.

"ताई, मी रोज येत होतो."

"माहीत आहे. रोज चहा पीत होतास."

"रोज सांगायला येत होतो."

"तुझ्यापायी बगळा तळ्यात गेला असता. मी गेले असते. एका शब्दासाठी! गावातल्या अर्ध्या घरांत तू सांगितलंयस. सायलसचं मला तूच सांगितलंस, तेव्हा नाही जीभ अडकली?"

"तेव्हा ते दुसऱ्यांचं माणूस होतं, ताई."

"सायलस दुसऱ्यांचा?"

"तुझा होता. तुला सांगितलं, तुझा हात धरला, आणि घरी जाऊन जेवलो. खरं सांगतो, पोटभर जेवलो. सगळ्यांच्या वेळी जेवतो. आईचं तुला सांगितलं असतं तर..." त्याने खाटेकडे बघितलं, मी ती अजून काढली नव्हती. "नर्सबाईने मला दारातच सांगितलं. इंग्रजीत, एका वाक्यात. आणि म्हणाली, जा, बहिणीला सांग. मी 'हो' म्हटलं. पायरीवर आलो आणि वाटलं, मला अजून कुणी सांगितलंच नाहीये. तुझ्याकडे यायचो, शेजारी बसायचो, आणि मला वाटायचं, तूच काहीतरी बोलशील."

माझ्याकडे शिव्या तयार होत्या, एकाहून एक. त्याच्याकडे बघितलं. रडला नव्हता तो, तेव्हापासून एकदाही नाही. डोळे कोरडे, लाल, दाढी वाढलेली. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा, मार खायची वाट बघत, मार मिळाला की सुटला. मी फार दमले होते. रागवायलाही ताकद लागते.

मी म्हटलं, "बस. जेवलास का?"

"नाही."

आईसाठी ठेवलेला मासा दुसऱ्या दिवशी मीच शिजवून गोठवला होता. तो गरम केला. काटे काढले. त्याच्या पुढे ठेवला आणि तो सगळा संपवेपर्यंत थांबले. मग उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले, समोर नाही, शेजारी. त्याचा हात हातात घेतला.

"आमोस," मी म्हटलं, "आपली आई गेली रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं. मग म्हणाला, "कधी गं, ताई?"

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.